बाहेरचा पॉवर सप्लाय लावला, तरी टर्नटेबलचा सूर हलतोच? आधी हे तपासा

रेकॉर्ड वाजवणाऱ्या टर्नटेबलला वेगळा पॉवर सप्लाय जोडला की वेग पक्का होईल, घूं घूं जाईल, आवाज उघडेल, अशी आशा असते. पैसेही बऱ्यापैकी मोजलेले असतात. मग काही आठवड्यांनी तो डबा आणि ते टर्नटेबल जोडीने दुरुस्तीला येतात. एकाची तक्रार असते, "सप्लाय बदलला तरी तसंच आहे." दुसऱ्याची, "सप्लाय बदलल्यापासूनच बिघडलंय." या जोड्यांमध्ये डबा खरोखर खराब निघतो तो क्वचित. बहुतेक वेळा दोष मोटर आणि फिरती थाळी जोडणाऱ्या रबरी बेल्टमध्ये, तेलात, अर्थिंगमध्ये नाहीतर चुकीच्या अडॅप्टरमध्ये सापडतो.

खालच्या तपासण्या फुकटापासून सुरू होतात आणि शेवटी खर्चावर येतात. क्रम मोडू नका, आणि वेग जुळवायचा डब्यावरचा स्क्रू तर शेवटपर्यंत फिरवू नका. सैल बेल्टमुळे वेग कमी पडत असेल आणि तुम्ही तो स्क्रू फिरवून भरून काढलात, तर आज सगळं ठीक वाटतं, पुढच्या महिन्यात बेल्ट आणखी घसरतो आणि तेव्हा नेमकं काय चुकतंय हे शोधणं दुप्पट अवघड होऊन बसतं.

लक्षणं

"स्पीड बरोबर नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. तुमचं लक्षण यातलं कोणतं ते आधी ठरवा:

- रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी चढ्या किंवा उतरलेल्या पट्टीत वाजते.
- लांबलेला सूर हेलकावतो. तबल्यात कळत नाही, पण हार्मोनियमचा धरलेला सूर किंवा तानपुऱ्याचा षड्ज लगेच चुगली करतो.
- पहिली बाजू हळू वाजते, नंतर आपोआप सुधारते.
- मोटर गुरगुरते पण फिरत नाही, हाताने ढकलल्यावर चालते. कधी उलटीच फिरते.
- ४५ वर (मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगावर) टाकलं की भलताच वेग येतो.
- स्पीकरमधून घूं किंवा झर्र असा आवाज येतो.
- टोनआर्मला (सुई धरणाऱ्या दांड्याला), डब्याच्या पत्र्याला किंवा अँप्लिफायरला हात लावला की मुंग्या येतात.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं काही करू नका. प्लग काढा आणि थेट अर्थिंगच्या भागाकडे जा.

मोटर कोणती आहे?

सप्लाय बदलून काय सुधारेल हे मोटरवर ठरतं, म्हणून इथे जरा थांबू.

जुन्या थोरेन्स टीडी १६०, लिन एलपी १२ किंवा रेगाच्या प्लॅनर मालिकेत एसी सिंक्रोनस मोटर असते. तिचा वेग व्होल्टेजवर ठरत नाही, विजेच्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे सेकंदाला किती लहरी येतात यावर ठरतो. २४ पोलची (चुंबकीय ध्रुवांची) अशी मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला २५० फेरे घेते. घरात २१० व्होल्ट असोत की २४५, फेरे २५०च. म्हणून वेगाच्या तक्रारीवर स्टॅबिलायझर लावण्याचा काही उपयोग नाही. तो व्होल्टेज सांभाळतो, फ्रिक्वेन्सीला हातही लावत नाही.

या मोटरीसाठी बनवलेला चांगला सप्लाय घरातल्या विजेची लहर वापरतच नाही. तो क्रिस्टलच्या आधारे स्वतःची ५० हर्ट्झची लहर तयार करतो आणि ती मोठी करून मोटरीला देतो. ४५ चा वेग हवा असेल तर तीच लहर ६७.५ हर्ट्झची करतो, म्हणजे बेल्ट हाताने पुलीच्या (मोटरीवरच्या चाकाच्या) दुसऱ्या पायरीवर सरकवावा लागत नाही. शिवाय मोटरीला हवं तेवढंच व्होल्टेज मिळाल्याने तिचा कंप कमी होतो, आणि बऱ्याच टर्नटेबलांवर खरा ऐकू येणारा फरक हाच असतो.

कारण आपल्याकडची फ्रिक्वेन्सी आता पूर्वीसारखी वाईट राहिलेली नाही. नव्वदच्या दशकात ती ४९ हर्ट्झच्याही खाली उतरायची आणि गवयाची पट्टी खरोखर खाली यायची. आता ग्रिडसाठी ठरवलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे, आणि २०१३ च्या डिसेंबरअखेर दक्षिणेचं ग्रिड जोडलं गेल्यापासून देशभर एकच फ्रिक्वेन्सी चालते. ०.२ टक्क्यांचा फरक म्हणजे अर्ध्या सुराच्या तिसाव्या हिश्श्याइतका. तो कानाला कळत नाही. तुमचा सूर कानाला कळेल एवढा हलत असेल तर महावितरणला दोष देऊन उपयोग नाही.

अपवाद दोन. सोसायटीच्या डिझेल जनरेटरची फ्रिक्वेन्सी लोडप्रमाणे हलते, कमी लोडवर ती ५१-५२ पर्यंतही जाते. आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर सिंक्रोनस मोटर चालते खरी, पण करकरते आणि तापते. या दोन्ही ठिकाणी स्वतःची लहर तयार करणारा डबा मनापासून घ्यावा.

स्वस्तातल्या आणि बऱ्याच नव्या बेल्टच्या टर्नटेबलांत डीसी मोटर असते. तिचा वेग व्होल्टेजवर अवलंबून असतो, पण तो सांभाळणारं सर्किट बहुधा टर्नटेबलच्या किंवा खुद्द मोटरीच्या पोटातच असतं. त्यामुळे बाहेरचा भारी अडॅप्टर लावून वेग सुधारेलच असं नाही. तिसरा प्रकार बेल्टच नसलेला डायरेक्ट ड्राइव्ह, उदाहरणार्थ १९७९ ची टेक्निक्स एसएल-१२०० एमके २. तिथे वेग क्वार्ट्झने बांधलेला असतो. ट्रान्सफॉर्मर बाहेर काढल्याने घूं कमी होऊ शकते, वेगात तसूभरही फरक पडत नाही. डायरेक्ट ड्राइव्हचा वेग हलत असेल तर सप्लाय विकत घेण्याआधी दुरुस्तीवाल्याला दाखवा.

पहिली तपासणी: डबा बाजूला ठेवून ऐका

टर्नटेबलबरोबर आलेला मूळ अडॅप्टर किंवा मूळ वायर जोडा आणि तीच रेकॉर्ड त्याच जागी लावा. दोष तसाच राहिला तर डबा निर्दोष. पुढची तपासणी टर्नटेबलचीच. दोष गेला तर डबा, त्याची केबल किंवा त्याची जागा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न करता लोक डबा परत पाठवतात.

डब्यासाठी टर्नटेबलच्या आतली वायरिंग बदललेली असेल, म्हणजे २३० व्होल्टची मोटर काढून २४ व्होल्टची बसवली असेल किंवा आतली सर्किटची पट्टी काढून टाकली असेल, तर ही तपासणी करू नका. जुनी वायर जोडलीत तर मोटर जळेल.

अडॅप्टरवरचं बारीक अक्षर

मोबाइलचा टॉर्च मारून लेबल वाचा. एसी की डीसी, किती व्होल्ट, किती मिलिअँपिअर. एकाच कंपनीच्या जुन्या मॉडेलला १६ व्होल्ट एसी लागतं आणि नव्याला १५ व्होल्ट डीसी, आणि दोन्ही अडॅप्टर लांबून जुळ्या भावांसारखे दिसतात. एसी मोटरीच्या टर्नटेबलला डीसी दिलं तर मोटर फिरत नाही, नुसती तापत बसते, आणि तासाभरात वाइंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) जाऊ शकतं. उलट केलं तर आतलं सर्किट जातं. मिलिअँपिअरचा आकडा जास्त असला तर चालतो, कमी असला तर नाही. डीसी असेल तर मधली पिन प्लस की मायनस तेही चिन्हावरून बघा.

मल्टीमीटर असेल तर मोजा, पण एक लक्षात असू द्या. साध्या ट्रान्सफॉर्मरचा १६ व्होल्टचा अडॅप्टर काही न जोडता मोजला की १८ ते २० दाखवतो. तो बिघाड नव्हे, लोड लागला की आकडा खाली येतो.

जॅकही हलवून बघा. हे गोल जॅक आत २.१ आणि २.५ मिलिमीटर अशा दोन मापांत येतात. २.१ च्या पिनवर २.५ चा जॅक आरामात बसतो आणि टेकला तर टेकतो, नाहीतर नाही. टेबलला धक्का लागला की वेग अडखळत असेल तर पहिला संशय इथेच.

वेग मोजा, पण स्ट्रोबवर डोळे मिटून विश्वास नको

सगळ्यात स्वस्त मोजमाप असं. प्लॅटरच्या (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीच्या) कडेला कागदाची चिकटपट्टी लावा, रेकॉर्ड ठेवा, सुई खाली सोडा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर १०० फेरे मोजा. ३३.३३ च्या वेगाला १०० फेरे बरोबर ३ मिनिटांत पडतात. ४५ ला तेवढ्याच वेळात १३५. एक सेकंदाची चूक म्हणजे साधारण अर्धा टक्का. सुई खाली सोडूनच मोजायचं, कारण प्रश्न वाजवतानाच्या वेगाचा असतो. मग सुई उचलून पुन्हा मोजा. दोन आकड्यांत स्पष्ट फरक दिसला तर बेल्ट घसरतोय किंवा बेअरिंग जड झालंय, मग डब्याकडे बघायची गरज उरत नाही.

मोबाइल प्लॅटरवर ठेवून वेग दाखवणारी ॲप आहेत. सरासरी वेगासाठी चालतात. फोन स्पिंडलच्या (मधल्या खुंट्याच्या) शक्य तेवढा जवळ ठेवा, चुंबकाचं कव्हर काढा आणि टोनआर्म अडकवून ठेवा. हलक्या प्लॅटरवर फोनच्या वजनानेच वेग बदलतो, तिथे १०० फेऱ्यांची मोजणी बरी.

आता स्ट्रोब चकतीबद्दल, म्हणजे वेग तपासायच्या रेषांच्या चकतीबद्दल. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ३३.३३ साठी चकतीवर १८० रेषा असतात. वेग बरोबर असेल तर त्या जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. नेटवरून छापलेली चकती २१६ रेषांची असेल तर ती ६० हर्ट्झसाठी आहे, आपल्याकडे ती कायम चुकीचंच दाखवेल. चांगला एलईडी दिवा लुकलुकतच नाही, त्यामुळे त्याच्या उजेडात काही दिसत नाही. निऑनचा इंडिकेटर किंवा जुना चोकवाला ट्यूबलाइट लागतो.

यापेक्षा मोठी फसगत वेगळीच. टर्नटेबल थेट घरातल्या विजेवर आणि दिवाही त्याच विजेवर असेल, तर फ्रिक्वेन्सी घसरली तरी रेषा स्थिरच दिसतात, कारण मोटर आणि दिवा दोघेही बरोबरच घसरतात. जनरेटरवर स्ट्रोब बघून "वेग एकदम करेक्ट" म्हणणाऱ्यांचं हेच होतं. याच्या उलट, क्रिस्टलचा डबा लावल्यावर रेषा अगदी हळू सरकताना दिसल्या तर घाबरू नका. तिथे डबा स्थिर आहे, दिवा ग्रिडबरोबर हलतोय.

हेलकावा किती वेळाने येतो?

३३.३३ ला एक फेरा १.८ सेकंदांचा. सूर बरोबर दर १.८ सेकंदांनी हलत असेल तर आधी दुसरी रेकॉर्ड लावून बघा. मधलं भोक जरा बाजूला पडलेल्या रेकॉर्डी बऱ्याच असतात, जुन्या भारतीय छपाईत तर असतातच. टोनआर्म प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे डोलताना दिसला तर दोष रेकॉर्डचा, जगातला कोणताही पॉवर सप्लाय तो दुरुस्त करणार नाही. वाकडी रेकॉर्ड असेल तर टोनआर्म वरखाली होतो. हेलकावा याहून बराच जलद, थरथरल्यासारखा असेल तर पुली किंवा मोटर बघा. त्याला ठरावीक लय नसेल, तर बेल्ट.

बेल्ट

या खटल्यातला नेहमीचा आरोपी.

४५ ला भलताच वेग येतो ही तक्रार असेल तर बेल्ट पुलीच्या कोणत्या पायरीवर आहे ते बघा. वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बदलणारा डबा लावल्यावर बेल्ट कायम ३३ च्या, म्हणजे लहान पायरीवर ठेवायचा. तो ४५ च्या पायरीवर राहिला आणि डब्याचंही ४५ चं बटण दाबलं, तर प्लॅटर ६० च्या वर फिरतो. घरातल्या कोणीतरी जुन्या सवयीने बेल्ट सरकवलेला असतो, एवढंच.

बेल्ट काढून हातात घ्या. आतल्या बाजूला चकाकी आली असेल, मोडून धरल्यावर बारीक भेगा दिसत असतील किंवा टेबलावर ठेवल्यावर तो गोल न राहता वेडावाकडा पडत असेल, तर बदला. ठीक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या सुती कापडातून दोनदा ओढा. पुलीही पुसा. कापसाची काडी तिच्यावर फिरवली की ती काजळासारखी काळी होऊन येते; तो झिजलेल्या रबराचा थर असतो, आणि त्याने पुलीचा व्यास बदलतो. पुली लहानशी असल्याने एवढासा थरही वेग वाढवतो. स्वच्छ केल्यावर बोटांचं तेल बेल्टला लागू देऊ नका.

पावसाळ्यात कोकणपट्टीत आणि मुंबईत रबर चिकट होतं. टर्नटेबल महिनाभर बंद राहणार असेल तर बेल्ट काढून पिशवीत ठेवावा, नाहीतर पुलीच्या जागी त्याला कायमचा बाक पडतो आणि प्रत्येक वळणाला ठोका बसतो.

नवा बेल्ट शक्यतो त्या मॉडेलचाच घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत 'बसतो की' म्हणून मिळणारा बेल्ट बसतो खरा, पण जास्त घट्ट असेल तर मोटरीच्या बुशवर (आस धरणाऱ्या बाहीवर) ताण येतो आणि कमी व्होल्टेजवर चालणारी मोटर सुरूच होत नाही. नवा सप्लाय आणि नवा बेल्ट एकाच दिवशी लावून मग "डबा मोटर उचलत नाही" म्हणणाऱ्यांनी जुना बेल्ट एकदा परत लावून पाहावा.

तेल

पहिली बाजू हळू आणि नंतर ठीक, हे लक्षण बहुतेक वेळा घट्ट झालेल्या तेलाचं. बेल्ट काढा, प्लॅटर हाताने हलकेच फिरवा. तो मऊपणे, बराच वेळ फिरत राहून थांबायला हवा. लवकर अडला किंवा घासल्याचा आवाज आला, तर प्लॅटर सरळ वर उचलून स्पिंडल पुसा, जुनं तेल कापसाने टिपून घ्या आणि नवे दोन-चार थेंब सोडा. कोणतं तेल ते त्या टर्नटेबलच्या पुस्तिकेत बघा. काही बेअरिंगना पातळ तेल लागतं, काहींना दाट. पुस्तिका नसेल तर शिलाई मशीनचं स्वच्छ तेल तात्पुरतं चालतं.

खोबरेल तेल घालू नका. २४ अंशांच्या आसपास ते गोठायला लागतं आणि डिसेंबरातल्या सकाळी प्लॅटर जागचा हलत नाही. गंज सोडवायचा स्प्रेही नको. तो उडून जातो आणि उरलेलं तेलही धुऊन नेतो. काही बेअरिंगच्या तळाशी सुटी बारीक गोळी असते, टर्नटेबल उलटं करताना ती सोफ्याखाली जाते.

घूं आणि झर्र

इथे एक-एक गोष्ट सुटी करायची. अँप फोनोवर (टर्नटेबलच्या इनपुटवर) ठेवा, आवाज नेहमीइतका, टोनआर्म त्याच्या खुंटीवर.

डब्याचा प्लग भिंतीतून पूर्ण काढा. आवाज तसाच राहिला तर डब्याचा संबंध नाही. फोनोची ग्राउंड वायर, आरसीए केबल (टर्नटेबलहून अँपकडे आवाज नेणारी) किंवा फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) बघा. टोनआर्मच्या धातूला बोट लावल्यावर आवाज बदलला तर ग्राउंड वायर कुठेतरी सुटलेली आहे. टर्नटेबलमागून निघणारी ती बारीक वायर अँपच्या ग्राउंडच्या स्क्रूखाली घट्ट आहे का? रंग चढलेला असेल तर वायरचं टोक खरवडून पुन्हा लावा.

आता डबा चालू करा, मोटर बंद ठेवा. घूं वाढली तर डब्यातला ट्रान्सफॉर्मर केबलजवळ किंवा कार्ट्रिजजवळ (सुई बसवलेल्या भागाजवळ) आहे. डबा हातभर लांब न्या, मग काटकोनात फिरवून बघा. चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने कमी होतं, म्हणून एका वितीनेही फरक पडतो. जागा वाचवायला डबा टर्नटेबलखाली किंवा अँपच्या डोक्यावर ठेवण्याची हौस असते. दोन्ही जागा वाईट: एका ठिकाणी घूं, दुसऱ्या ठिकाणी उष्णतेने कपॅसिटर लवकर सुकतात. फोनोची केबल आणि डब्याची वायर एकत्र बांधूही नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

मग मोटर चालू करून टोनआर्म रेकॉर्डवर आणा, सुई खाली न सोडता. लेबलकडे जाताना घूं वाढत गेली तर मोटरीचं क्षेत्र कार्ट्रिज पकडतेय. काही कार्ट्रिजना कवच कमी असतं आणि काही टर्नटेबलांत मोटर जवळ असते. अशा जोडीत कार्ट्रिज बदलणं हाच उपाय.

मऊ घूं बहुधा हवेतून पकडलेली ५० हर्ट्झ असते. कर्कश झर्र असेल तर ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थमधून फिरणाऱ्या नकोशा प्रवाहाचा संशय घ्या. डबा आणि अँप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर जोडून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच कमी होते. अर्थची पिन कापून किंवा टू-पिन लावून ही झर्र घालवणारे सल्लागार गल्लोगल्ली मिळतात. झर्र जाते, आणि ट्रान्सफॉर्मर कधी आत टेकला तर सगळा पत्रा २३० व्होल्टवर बसतो. हे करू नका.

अँप बंद असतानाही डबाच कानाला गुणगुणत असेल, तर तो ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांचा आवाज. शेजारच्या खोलीत कोणी हेअर ड्रायर अर्ध्या ताकदीवर चालवला तरी गोल ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागतात. त्रासदायक आहे, धोकादायक नाही.

मुंग्या आणि अर्थिंग

टू-पिनच्या छोट्या अडॅप्टरवर धातूला अगदी हलक्या मुंग्या जाणवणं शक्य असतं, कारण आतल्या कपॅसिटरमधून किंचित गळती होते. पण कोणती गळती निरुपद्रवी आणि कोणती नाही हे बोटाने ठरवायचं नसतं. थ्री-पिनच्या डब्याचा पत्रा झिणझिणत असेल तर घराच्या सॉकेटमध्ये अर्थ नाही, किंवा डब्यात बिघाड आहे, किंवा दोन्ही. जुन्या वाड्यांत आणि चाळींत सॉकेट तीन भोकांचं असतं आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. इथे थांबा. इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या, तोवर टर्नटेबल बंद.

अमेरिकेतून आलेलं टर्नटेबल

न्यू जर्सीहून भाच्याने पाठवलेलं किंवा परत येताना सामानात आणलेलं जुनं टर्नटेबल वारंवार येतं. ११० चा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावलेला असतो, मोटर छान फिरते, पण गाणारी बाई बाप्यासारखी वाटते. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवलं, फ्रिक्वेन्सी ५०च राहिली. ६० हर्ट्झसाठी बनवलेली पुली ५० वर मिनिटाला २७.८ फेरेच देते, म्हणजे पट्टी तीन अर्ध्या सुरांहून जास्त खाली.

उपाय दोन. ५० हर्ट्झची पुली मिळाली तर ती स्वस्त आणि कायमची. नाही मिळाली तर ६० हर्ट्झ आणि त्या मोटरीचं व्होल्टेज देणारा बाहेरचा सप्लाय. घेताना '११० व्होल्ट' एवढंच विचारू नका, फ्रिक्वेन्सी विचारा. डीसी मोटरीच्या किंवा डायरेक्ट ड्राइव्हच्या टर्नटेबलांना हा त्रास नसतो, त्यांना फक्त योग्य व्होल्टेज लागतं.

मोटर गुरगुरते पण फिरत नाही

बेल्ट काढून मोटर एकटी चालवा. एकटी नीट फिरली तर बेल्ट घट्ट आहे किंवा प्लॅटर जड फिरतोय, वर सांगितलेलं करा. एकटीही अडखळली, थरथरत जागीच राहिली किंवा मनाला येईल त्या दिशेने फिरली, तर सिंक्रोनस मोटरीच्या दोन वाइंडिंगना मिळणाऱ्या लहरींमधलं अंतर बिघडलंय. जुन्या टर्नटेबलात ते अंतर एक कपॅसिटर राखतो. पंख्याचा कंडेन्सर गेला की पंखा जसा हाताने ढकलावा लागतो, तीच गत. डब्यावर चालणाऱ्या मोटरीत हे काम डबा करतो, म्हणून आधी जोडणीच्या केबलची एखादी वायर तुटलीय का ते बघा. प्लगजवळचा वाकलेला भाग हलवल्यावर मोटर दचकली तर केबलच. तिथे नवी केबल, आणि विषय संपला.

आता तो स्क्रू

इथवर सगळं नीट असेल आणि १०० फेऱ्यांचा वेळ तरीही एकसारखाच चुकत असेल, तर डब्यावरचं वेग जुळवण्याचं बटण किंवा स्क्रू वापरा. टर्नटेबल अर्धा तास चालवून गरम होऊ द्या, रेकॉर्ड वाजत ठेवा, अगदी थोडं फिरवा, पुन्हा मोजा. डीसी मोटरीच्या स्वस्त टर्नटेबलांत हा स्क्रू मोटरीच्या बुडाच्या छिद्रातून लागतो. धातूच्या स्क्रूड्रायव्हरने आतला भाग तुटतो किंवा शॉर्ट होतो, प्लास्टिकचा वापरा.

इथे हात थांबवा

डब्याचं झाकण उघडण्याचा मोह होईल. २३० व्होल्टच्या मोटरीचा सप्लाय असेल तर आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत डीसी साठलेलं असू शकतं, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ ते तिथेच असतं. ट्रान्सफॉर्मर उलटा लावून घरी बनवलेल्या डब्यांतही मोटरीकडे जाणारं टोक २३० व्होल्टचंच असतं. टेस्टर आणि उत्साह एवढ्यावर हे उघडू नये.

यातलं काही दिसलं तर सरळ दुरुस्तीवाल्याकडे द्या: फ्यूज बदलल्यावर पुन्हा उडतो, जळक्या वासासह डबा हात ठेववणार नाही इतका तापतो, झाकणाच्या जाळीतून कपॅसिटरचं सपाट डोकं फुगलेलं किंवा बुडाशी तपकिरी खपली दिसते, मोटर एकटीसुद्धा मूळ सप्लायवर फिरत नाही. फ्यूजच्या जागी वायर गुंडाळून 'चालवून बघू' हा प्रकार करू नका, त्याने दुरुस्तीचं बिल मोटरीपर्यंत जातं.

कोणाकडे द्यायचं तेही बघून द्या. घरच्या अर्थिंगसाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियन. डब्यासाठी अँप्लिफायर दुरुस्त करणारा जुना जाणता माणूस. तो कपॅसिटर बदलेल आणि दोन्ही वाइंडिंगच्या लहरी ऑसिलोस्कोपवर (लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) बघेल. त्याच्याकडे ऑसिलोस्कोप नसेल तर फेज, म्हणजे त्या लहरींमधलं अंतर, जुळवण्याचं काम त्याला देऊ नका. बेअरिंग किंवा टोनआर्मचं काम असेल तर टर्नटेबलच दुरुस्त करणारा शोधा. डबा वॉरंटीत असेल तर स्टिकर फाडू नका.

नेताना डबा एकटा नेऊ नका. टर्नटेबल, डबा, मूळ अडॅप्टर, बेल्ट आणि ज्या रेकॉर्डवर दोष ऐकू येतो ती रेकॉर्ड, सगळं एकत्र न्या. प्लॅटर आणि काउंटरवेट (टोनआर्मच्या मागच्या टोकाचं वजन) काढून वेगळे गुंडाळा, सुईला गार्ड लावा. एका कागदावर तीन आकडे लिहून द्या: सुई खाली असताना १०० फेऱ्यांना लागलेला वेळ, सुई वर असतानाचा वेळ, आणि मूळ सप्लायवरचा वेळ. घरी इन्व्हर्टर किंवा सोसायटीचा जनरेटर असेल तर तेही लिहा, कारण दुकानात दोन्ही नसतात आणि टर्नटेबल तिथे शहाण्यासारखं वाजतं.